‘अप्लाय’ करायचे म्हणजे नेमके काय करायचे?



गेल्या खरिपातली गोष्ट. एका वस्तीवर गेलो होतो. मका मांडीला लागला होता आणि पोंग्यातली पाने चाळणीसारखी दिसू लागली होती. घरधनी ओट्यावर पंप धूत बसले होते. शेजारी त्यांची नववीतली मुलगी दाणेदार कीटकनाशकाची अर्धी पिशवी हातात धरून एकेक अक्षर लावीत होती. पिशवी भावकीतून आणलेली, आतले माहितीपत्रक कधीच हरवलेले, आणि पिशवीवरची हिंदी-मराठी अक्षरे ओलीने पुसून गेलेली. इंग्रजीतली एक ओळ तेवढी शाबूत होती. तिच्यात पहिलाच शब्द होता ‘अप्लाय’.

“काय म्हणतंय गं?” बापाने विचारले.

पोर हुशार. लगेच म्हणाली, “अप्लाय म्हणजे अर्ज करणे, अण्णा. शाळेत आलंय आम्हाला.”

“अर्ज? मक्याला अर्ज करायचा व्हय?”

आम्ही तिघेही हसलो. पण माझे हसू फार वेळ टिकले नाही. कारण अण्णांनी पंप धुवायला घेतला होता तो ते दाणे पाण्यात विरघळवून फवारण्यासाठी. ‘औषध आहे म्हणजे मारायचंच असणार’ हा त्यांचा हिशेब. आणि पिशवीवरची ती ओळ सांगत होती की दाणे मक्याच्या पोंग्यात टाका. पंपाचे आणि त्या पिशवीचे काही नाते नव्हते. तसले दाणे पाण्यात कालवायचे, वास घेत ढवळायचे, नोझल तुंबले की तोंडाने फुंकायचे, हे सगळे करायला अण्णा मोकळे होते. अर्धा तास उशिरा पोचलो असतो तर काय झाले असते कोण जाणे.

म्हणून आज या एका इंग्रजी क्रियापदाचीच गोष्ट सांगतो. मी काही इंग्रजीचा मास्तर नाही. माझे शिक्षण बी.एस्सी. ॲग्रीचे, आणि आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. (2000 सालापासून ते पहिलीपासून आले, त्यामुळे आजची पोरे आमच्यापेक्षा पुढे आहेत.) पण तीसएक वर्षे डब्यांवरची, पोत्यांवरची आणि फॉर्मांवरची इंग्रजी वाचून सांगण्याचे काम करतो आहे, आणि त्यात या शब्दाइतका घोटाळा दुसऱ्या कुठल्या शब्दाने केलेला मी पाहिला नाही.

पोरीचे काही चुकले नव्हते हे आधी सांगतो. ‘अप्लाय’ म्हणजे अर्ज करणे हा अर्थ खराच आहे. तो एकच नाही, इतकेच.

हा शब्द लॅटिन भाषेतून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मुळात त्यात दोन तुकडे आहेत. एकाचा अर्थ ‘जवळ, कडे’ आणि दुसऱ्याचा अर्थ ‘घडी घालणे, दुमडणे’. म्हणजे एक वस्तू दुसरीजवळ नेऊन तिच्यावर घडीसारखी बसवणे. ज्या भगिनी शिवणक्लासला गेल्या असतील त्यांना ‘ॲप्लिक वर्क’ माहीत असेल. एका कापडावर दुसऱ्या कापडाचा तुकडा ठेवून टाके घालायचे. तो शब्द याच घरातला. मुलांच्या हातातल्या मोबाईलमधले ‘ॲप’ सुद्धा ‘ॲप्लिकेशन’चे लाडाचे आखूड नाव आहे, तेही याच घरातले.

आता गंमत पाहा. आपल्या मराठीत या अर्थाच्या अगदी जवळ जाणारे एक क्रियापद आहे : लावणे. संस्कृतात ‘लग्’ म्हणजे चिकटणे, त्यावरून लागणे आणि लावणे. जखमेला मलम लावतो, गाडीला ब्रेक लावतो, अभ्यासात मन लावतो, डोके लावतो, गुन्ह्याला कलम लावतो. या पाचही ठिकाणी इंग्रज ‘अप्लाय’ म्हणेल. टीव्हीवर जाहिरात संपता संपता मुंगीएवढ्या अक्षरांत ‘अटी लागू’ असे येते ना, ते इंग्रजीतही ‘अप्लाय’च असते. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाट धरली आहे.

मग घोटाळा होतो कुठे? तो होतो शेतात. कारण शेतात ‘लावणे’ या शब्दावर आपण आधीच दुसरा हक्क सांगून ठेवला आहे. रोप लावतो, कांदा लावतो, ऊस लावतो. म्हणून खत काही कुणी ‘लावत’ नाही, आणि औषध तर नाहीच. खत आपण देतो, घालतो, टाकतो, फोकतो, पेरतो. आजकाल ठिबकमधून सोडतो. औषध फवारतो, धुरळतो, आळवणी करतो, बियाण्याला चोळतो, रोपाची मुळे त्यात बुडवतो, बुंध्याला लेप देतो. इंग्रजीतही या प्रत्येक कामाला वेगळा शब्द आहे. फवारणीला ‘स्प्रे’, धुरळणीला ‘डस्ट’, फोकून देण्याला ‘ब्रॉडकास्ट’, मुळाशी ओतण्याला ‘ड्रेंच’, बुडवण्याला ‘डिप’, बियाण्याच्या प्रक्रियेला ‘ट्रीट’. पण पुस्तके आणि पत्रके लिहिणारे लोक पुष्कळदा या सगळ्यांच्या जागी एकटा ‘अप्लाय’ ठेवून मोकळे होतात. त्यांच्या दृष्टीने ते चूक नाही. पुढच्या दोन-चार शब्दांत त्यांनी खुलासा केलेला असतो. आपण मात्र पहिल्या शब्दावरच थांबतो आणि मनाने पुढचे भरून काढतो.

आणि मनाने काय भरतो? ‘मारा’. हे मी तुम्हाला दोष देण्यासाठी म्हणत नाही. हा दोष आधी माझा आहे, आणि तो कसा घडला ते सांगायलाच हवे.

1996 सालची गोष्ट. नोकरीत नवा होतो, मराठवाड्यातल्या मोसंबीच्या पट्ट्यात. त्या साली पावसाळ्याआधी डिंक्या रोग बराच होता. बुंध्यातून डिंक ओघळायचा, साल फुटायची, झाड वाळत जायचे. वरून एक इंग्रजी परिपत्रक आले. त्यात लिहिले होते की बोर्डो पेस्ट ‘अप्लाय’ करावी; मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. मी उत्साहाच्या भरात त्याचे मराठी केले आणि गावच्या चावडीवरच्या फळ्यावर खडूने ठळक लिहिले : ‘मोसंबीच्या झाडांना बोर्डो मारा’. खाली प्रमाण दिले. ‘पेस्ट’ हा शब्द लोकांना कळणार नाही म्हणून गाळला! शिक्षण ताजे असले की माणूस असली शहाणपणाची कामे करतो.

आठ दिवसांनी एका तात्यांचा निरोप आला, “साहेबांना म्हणावं, बाग बघून जा.” गेलो. अडीचशे झाडांतली चाळीसएक झाडे अशी दिसत होती की वरून कुणी गरम राख ओतली असावी. कोवळी पालवी करपून वळली होती. लिंबाएवढी फळे डागाळून खाली पडली होती.

तात्यांनी माझ्या फळ्यावरचे प्रमाण अगदी काटेकोर पाळले होते. 1 किलो, 1 किलो, 10 लिटर. ते मिश्रण दाट, नोझलमधून जाईना, म्हणून धोतराच्या फडक्याने दोनदा गाळून घेतले आणि दोन गडी लावून झाडांवर फवारले. पंप तुंबून तुंबून चाळीस झाडांतच कंटाळा आला, म्हणून उरलेली दोनशे वाचली.

झाले होते ते असे. बोर्डो दोन तऱ्हेचा असतो. फवारायचा तो मिश्रणाचा. त्यात 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुन्याला पाणी लागते 100 लिटर. बुंध्याला लावायची ती पेस्ट. तिला पाणी फक्त 10 लिटर. ती कुंचल्याने जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत बुंध्याला फासायची, पानांना तिचा थेंबही लागू द्यायचा नाही. म्हणजे मी तात्यांच्या पानांवर दहापट तिखट बोर्डो मारायला लावला होता. परिपत्रकात ‘अप्लाय’ हा शब्द बरोबर होता. फळ्यावर ‘मारा’ लिहिणारा हात माझा होता.

मी मान खाली घालून उभा राहिलो. तात्या रागावले नाहीत, तेच जास्त लागले. एवढेच म्हणाले, “साहेब, तुम्ही मारा म्हणालात, म्या मारलं. लेप द्या म्हणाला असता तर लेप दिला असता. आमच्याकडं काय दोन्ही शब्द न्हाईत का?”

खरेच होते. आमच्याकडे दोन्ही शब्द होते. दोन काय, डझनभर होते. मी शिकल्यासवरल्या माणसाने ते वापरले नाहीत. त्या मोसमात तात्यांचे किती नुकसान झाले याचा हिशेब त्यांनी मला कधी सांगितला नाही आणि मीही विचारण्याचे धैर्य केले नाही. मात्र तेव्हापासून एक सवय लागली. इंग्रजीत ‘अप्लाय’ दिसला की तिथेच थांबायचे आणि पुढच्या शब्दांना विचारायचे : कुठे? कशाने? किती? केव्हा? ही चार उत्तरे मिळाल्याशिवाय मराठी क्रियापद निवडायचे नाही.

‘कुठे’चे उत्तर सगळ्यांत मोलाचे. ‘अप्लाय’च्या मागून ‘सॉईल’ आला तर जमिनीत. ‘फोलियर’ किंवा ‘लीव्हज’ आला तर पानांवर, म्हणजे फवारणी. ‘सीड’ आला तर बियाण्याला. ‘रूट झोन’ आला तर मुळांच्या कक्षेत, म्हणजे झाडाच्या आळ्यात किंवा आळवणीने. ‘ट्रंक’ किंवा ‘स्टेम’ आला तर बुंध्याला. आणि ‘व्हर्ल’ आला तर पोंग्यात. हा शेवटचा शब्द शाळेच्या पुस्तकात सहसा नसतो, म्हणून त्या पोरीला तो अडला. अण्णांना मात्र पोंगा जन्मापासून ठाऊक. एकाला शब्द येत होता, दुसऱ्याला वस्तू येत होती, आणि दोघांची गाठ पडत नव्हती.

झाडांना खत देतानाही हेच होते. मोठ्या झाडाला खत ‘अप्लाय’ करा म्हटले की काही जण ते बुंध्याशी ओंजळभर ओततात. तिथे जाड मुळे असतात, ती झाडाला उभे धरतात. खाणारी बारीक मुळे फांद्यांच्या सावलीच्या कडेच्या आसपास असतात. म्हणून इंग्रजी पत्रकात ‘रिंग’ असा शब्द असेल तर तुम्ही ज्याला बांगडी पद्धत म्हणता तीच समजा. चर काढायचा, खत घालायचे, मातीने झाकायचे.

झाकण्यावरून आठवले. ‘अप्लाय अँड इनकॉर्पोरेट’ अशी जोडगोळी पोत्यांवर आणि पत्रकांवर वारंवार येते. पहिला शब्द वाचून लोक युरिया फोकतात आणि घरी जातात. दुसरा शब्द सांगत असतो की मातीत मिसळा. कुळवाची एक पाळी द्या किंवा कोळपे फिरवा. युरिया उघडा पडून राहिला तर त्यातले नत्र अमोनिया वायू होऊन उडून जाते. म्हणजे दुसरा शब्द वाचायचा राहिला की पोत्यातला काही भाग वाऱ्यावर.

‘किती’ या प्रश्नात तर भले भले फसतात. ‘अप्लाय 50 किलो एन पर हेक्टर’ अशी ओळ घ्या. आमच्या एका शिकलेल्या पुतण्याने तिचा अर्थ केला : हेक्टरी 50 किलो युरिया टाका. तसे नाही. ‘एन’ म्हणजे नत्र, युरिया नव्हे. युरियात नत्र असते 46 टक्के. 50 किलो नत्र मिळायला युरिया लागतो साधारण 109 किलो. आता हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, तेव्हा एकरी पडला सुमारे 44 किलो. म्हणजे आजचे युरियाचे 45 किलोचे एक पोते. (2018 च्या आधी हे पोते 50 किलोचे होते, जुन्या वहीतले हिशेब पोत्यांवर लिहिले असतील तर पुन्हा मांडा.) पुतण्याने नत्राचे आकडे युरियाचे समजून पिकाला निम्म्याहून कमी दिले, आणि वर ‘शिफारशीत दम नाही’ म्हणून सरकारला नावे ठेवली. मी सरकारची बाजू फारशी घेत नाही, पण या वेळी घेतली.

कीटकनाशकाच्या पत्रकात याच्या उलट धोका असतो. तिथे मात्रेचे दोन रकाने शेजारी शेजारी असतात. एक असतो डब्यातल्या मूळ विषाचा, त्यावर ‘ए. आय.’ असे लिहिलेले असते. दुसरा ‘फॉर्म्युलेशन’चा, म्हणजे तुम्ही डब्यातून जे मोजून घेणार त्याचा. आपल्याला दुसरा रकाना पाहायचा आहे. त्याच्या शेजारी पाणी किती ते असते, आणि अगदी शेवटी ‘वेटिंग पिरियड’ असतो. शेवटचे ‘अप्लाय’ केल्यापासून काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे ते तो सांगतो. हा रकाना विशेषतः माय-बहिणींनी वाचावा असे मला वाटते, कारण वांगी आणि भेंडी तोडून घरच्या तव्यावरही त्याच आणतात. बाजाराचा दिवस आणि रकान्यातला दिवस जमत नसेल तर आधी फवारणीचा दिवस ठरवतानाच विचार करायचा असतो. तोडणीच्या सकाळी विचार करून उपयोग नसतो.

‘केव्हा’चे शब्दही ओळखीचे करून घ्या. ‘बेसल’ म्हणजे पेरणीबरोबर पायाला. ‘टॉप ड्रेसिंग’ म्हणजे पीक उभे असताना द्यायचे वरखत. तणनाशकाच्या डब्यावर ‘प्री-इमर्जन्स’ असेल तर पेरणीनंतर पण उगवणीपूर्वी. जमिनीत ओल हवी, आणि फवारणाऱ्याने मागे मागे सरकत जायचे म्हणजे फवारलेल्या जागेवर पाय पडत नाही. ‘पोस्ट-इमर्जन्स’ असेल तर उगवणीनंतर. क्रियापद दोन्हीकडे तेच, ‘अप्लाय’. पण एक काम दुसऱ्याच्या वेळी केले तर पैसे गेले आणि तण राहिले, किंवा तण राहून पीकच गेले.

बियाण्याचे उदाहरण घेऊ, कारण तिथे क्रम चुकतो. सोयाबीन, तूर, हरभरा यांना रायझोबियम जिवाणू ‘अप्लाय’ करा असे पाकिटावर असते. इथे मराठी क्रियापद चोळणे, तेही हलक्या हाताने. सोयाबीनची साल नाजूक, रगडले की डाळ होते. साधारणपणे 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमचे एक पाकीट, गुळाच्या थंड पाण्यात कालवून. मग सावलीत सुकवायचे आणि त्याच दिवशी पेरायचे. बुरशीनाशकही लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू नंतर. उलटे केले तर जिवाणू मेले आणि तुम्ही नुसता गूळ पेरला.

आता एका शब्दाबद्दल माझे मत सांगून टाकतो. आपण विषाला ‘औषध’ म्हणतो. मीही म्हणतो, या लेखातही म्हटले आहे. जिभेला वळण पडले आहे. पण घरात सहा वर्षांचे लेकरू असते. त्याला खोकला झाला की आई बाटलीतले ‘औषध’ देते आणि बाबा शेतात बाटलीतले ‘औषध’ मारतात. त्याने काय समजायचे? आणि दोन्ही बाटल्यांवर ‘अप्लाय’ असू शकते! मलमाच्या नळीवर ‘अप्लाय टू द अफेक्टेड एरिया’ म्हणजे दुखऱ्या जागी लावा, आणि त्याच्याजवळच ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’, म्हणजे फक्त वरून लावण्यासाठी, पोटात घेण्यासाठी नाही. घरातल्या माणसाचे औषध फडताळात, पिकाचे विष कुलपात. एवढा फरक तरी जागेने दाखवू या, शब्दाने जमत नसेल तर.

विषाचा डबा ओळखायला इंग्रजी यायची गरज नाही. त्यावर कोनावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग भरलेला असतो. तांबडा सर्वांत जहाल, त्यावर कवटी आणि हाडे. मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र कुणी समजू नये. 1971 च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे वेष्टनावरचा आणि पत्रकातला मजकूर हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या एक-दोन भाषांत द्यावा लागतो. तेव्हा दुकानदाराकडून पत्रक मागून घ्या. अर्धी पिशवी भावकीला देताना पत्रकही द्या. मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवला तर फारच चांगले. आणि देव न करो, कुणाला विषबाधा झालीच तर डबा किंवा पत्रक दवाखान्यात बरोबर न्या. त्यावर उतारा लिहिलेला असतो, आणि डॉक्टरला नेमके कोणते विष ते कळणे हीच अर्धी लढाई असते.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडोंना दवाखान्यात न्यावे लागले, हे आपण विसरलेले नाही. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, अंगावर साधा सदरा, आणि पंपात दोन-तीन औषधांची मिसळ, अशी कितीतरी कारणे त्या वेळी पुढे आली. माझ्या मनात राहिली ती एक गोष्ट. ज्याच्या पाठीवर पंप असतो त्याच्या हाती डब्यावरची ओळ फार क्वचित येते. डबा मालक आणतो, मात्रा दुकानदार सांगतो, आणि मारतो तिसराच. म्हणून फवारणीला गडी लावाल तर ओळ त्याला वाचून दाखवा, त्याच्या बोलीत. ‘डू नॉट अप्लाय’ने सुरू होणारी वाक्ये तर आधी दाखवा. ‘डू नॉट’ म्हणजे करू नका. वारा असताना करू नका, मधमाशा फुलांवर असताना करू नका, विहिरी-तळ्याजवळ करू नका. मी तर म्हणेन, वेळ कमी असेल तर बाकी सोडा, ‘डू नॉट’ तेवढे शोधून वाचा.

आता त्या पोरीच्या अर्थाकडे येतो, नाहीतर ती म्हणेल काकांनी माझे उत्तर मोडीत काढले. अर्ज करणे हाही ‘अप्लाय’च. मूळ अर्थाशी त्याचे नाते सरळ आहे : आपली मागणी कुणाजवळ तरी नेऊन ठेवणे. आपला ‘अर्ज’ हा शब्द अरबीतून, फारसी दरबारांच्या वाटेने आला. त्याचाही अर्थ समोर मांडणे असाच. इंग्रजीत इथे पुढचे छोटे शब्द सांभाळायचे. ज्या गोष्टीसाठी अर्ज तिच्याआधी ‘फॉर’, आणि ज्याच्याकडे अर्ज त्याच्याआधी ‘टू’. ‘अप्लाय फॉर लोन’, ‘अप्लाय टू द बँक’. मुलांनी रजेचा अर्ज लिहिताना हे ध्यानात ठेवावे. आणि कुणी म्हणाले, ‘अप्लाय युवरसेल्फ’, तर स्वतःचाच अर्ज करायचा नसतो. मन लावून अभ्यास कर असे मास्तर सांगत असतात.

आजकाल योजनांचे अर्ज पडद्यावर भरायचे असतात. तिथे ‘अप्लाय’चे बटण दाबले की अर्ज झाला असे पुष्कळांना वाटते. पुष्कळ ठिकाणी त्या बटणाने फक्त फॉर्म उघडतो. माहिती भरून, कागद जोडून, शेवटी ‘सबमिट’ दाबायचे असते, आणि त्यानंतर अर्ज क्रमांक येतो. आमच्या तालुक्यातल्या एका भगिनीने ठिबकसाठी अर्ज केला म्हणून वर्षभर वाट पाहिली. चौकशी केली तर अर्ज अर्ध्यातच थांबलेला. तिने विचारले, “भाऊ, मी अप्लाय केलं होतं ना?” काय सांगणार? केले होते. क्रमांक हातात नसेल तर अर्ज पोचलेला नाही असेच धरा. आणि अनोळखी नंबरावरून ‘अप्लाय नाऊ’ म्हणून दुवा आला तर त्याला हात लावू नका. ते दुसऱ्याच कुणाचे जाळे असते.

अण्णांच्या वस्तीवर त्या दिवशी शेवटी काय झाले ते सांगायचे राहिले. पंप तसाच कोरडा ठेवला. पोरीने माझ्याकडून पोंग्याचा इंग्रजी शब्द वहीत उतरवून घेतला. अण्णांनी हातात रबरी मोजे चढवले (जुने होते, पण फाटके नव्हते), नाकातोंडाला फडके बांधले आणि पिशवीवरच्या मात्रेप्रमाणे मोजून, चिमटीने किडलेल्या पोंग्यांत दाणे सोडत गेले. उरलेल्या पिशवीवर पोरीने जाड पेनाने मराठीत लिहिले, ‘पोंग्यात टाकणे. पाण्यात नाही.’ माझ्या चावडीवरच्या फळ्यापेक्षा तिचे भाषांतर सरस होते.

तुमच्या घरातल्या एखाद्या डब्यावर, पोत्यावर किंवा फॉर्मवर अशी ओळ अडली असेल तर ती आहे तशी उतरवून पाठवा. पीक कोणते, डब्यावरच्या चौकोनाचा रंग कोणता, हेही लिहा. आणि उत्तर येईपर्यंत डबा उघडू नका.